मैदानाचा भोंगा

“आ करा,” डॉक्टर म्हणाली. “अजून मोठा. हं. आता ‘ई’ म्हणा. लांबवा.”

भोंग्याने ‘ई’ म्हटलं. ती अर्ध्यावर फाटली, दोन पदरी झाली आणि शेवटी नुसती हवा उरली.

डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने नळी बाहेर काढली, हातमोजे उतरवले आणि कागदावर दोन तिरप्या रेघा ओढल्या. डावीकडच्या रेघेवर एक टपोरा ठिपका दिला.

“ही गाठ. तपासणीत वाईट काही निघालेलं नाही, त्यामुळे ती काळजी आधी डोक्यातून काढा. पण काढायला लागणार. पुढच्या मंगळवारी काढू. मग पंधरा दिवस तोंडातून चकार शब्द नाही.”

“आणि आवाज?”

“येईल की परत. खोलीत बोलायला पुरेल एवढा येईल.”

“मैदानाला?”

डॉक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोकडे. कुठलं मैदान, हे तिने विचारलं नाही. त्या उपनगरात ते कोणी विचारत नसे.

“मैदानाला नाही पुरणार, काका.”

“येत्या रविवारी शेवटची मॅच आहे,” भोंगा म्हणाला.

“मंगळवारपर्यंत जितकं कमी बोलाल तितकं बरं.”

“ते रविवारी बोलणार,” बायको म्हणाली. “मी ओळखते ना. तुम्ही एवढंच सांगा, किती बोललं तर चालेल?”

“खरं तर अजिबात नाही. फारच झालं, तर चार वाक्यं.”

“मग मी बरोबर जाते,” बायको म्हणाली. “मोजायला.”

उपनगरात एकेकाळी विटांचा मोठा कारखाना होता. त्याच्या भोंग्यावर लोक उठायचे, जेवायचे, घड्याळं लावायचे. कारखाना बंद पडला तसा भोंगाही बंद पडला आणि ते रिकामं झालेलं नाव लोकांनी या माणसाला देऊन टाकलं. तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. चौतीस वर्षं त्याने पाण्याच्या मीटरांची नोंद ठेवली आणि त्या कचेरीत त्याचा आवाज कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. दर रविवारी मात्र स्टेडियमच्या चार कर्ण्यांतून तोच आवाज बाहेर पडे आणि तीन गल्ल्यांपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाही कळे, की आपण एक गोल मागे आहोत.

त्याची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला सगळे बाई म्हणत. तेव्हा आपणही बाईच म्हणू. बाईंचं नवऱ्याबद्दल एकच म्हणणं होतं: “मैदानावर भोंगा, घरात मुका.” रविवारी बोलायचं ते सगळं तो बाहेरच बोलून येई आणि आठवडाभर ‘हो’, ‘नको’ आणि ‘मीठ दे’ एवढ्यावर संसार चालवी.

स्टेडियम म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसं ते नाही. रस्त्यावरून त्याचे फक्त दिव्यांचे चार खांब दिसतात, कारण ते खड्ड्यात आहे. कारखान्याने विटांसाठी माती उपसून उपसून जो प्रचंड खड्डा केला, त्याच्या तळाशी कामगार जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळायला लागले. खड्ड्याचा फायदा असा, की चेंडू पळून जात नाही. बघणारे उतारावर बसायचे. पुढे उतारावर पायऱ्या झाल्या, पायऱ्यांना कठडे आले, तळाला गवत आलं, कामगारांचा क्लब झाला. पश्चिमेच्या पायऱ्यांच्या डोक्यावर विटांची एक चौकोनी खोली बांधली गेली. तिच्यात एक टेबल, एक माइक आणि सहसा बिघडलेला एक ॲम्प्लिफायर. कारखाना गेला, खड्डा राहिला. जगात काय टिकेल ते सांगता येत नाही.

भोंगा तिथे पहिल्यांदा गेला तो पाण्याचं मीटर बघायला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पायऱ्यांखालच्या बोळात वाकून आकडे टिपत असताना वरून कोणीतरी ओरडलं, “अहो, वाचता येतं ना तुम्हाला?” रोजचा उद्घोषक तापाने पडला होता आणि एक मुलगी हरवली होती. म्हणजे ती सापडली होती, हरवले होते ते तिचे आईबाप. भोंगा वर गेला, माइकसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघालं:

“एक मुलगी वर आमच्याकडे आहे. निळा फ्रॉक, एका पायात बूट. ती अजिबात रडत नाहीये. आम्हीच रडकुंडीला आलोय. आईबापांनी लवकर यावं.”

अख्खं मैदान हसलं. आईबापही हसत हसतच आले. त्या दिवसापासून छत्तीस वर्षं ती खुर्ची त्याची झाली.

त्या छत्तीस वर्षांत तिथे फुटबॉल जेवढा झाला, तेवढंच बाकीचंही झालं. सर्कस झाली. पोलीसभरतीची धावण्याची परीक्षा झाली. बाराशे टेबलं मांडून कारकुनांच्या भरतीचा लेखी पेपर झाला, तेव्हा “पाच मिनिटं उरली आहेत, आता नवं काही आठवायला जाऊ नका,” हे भोंग्याने आपल्या मनाने सांगितलं. साथीच्या दिवसांत लसीच्या रांगा लागल्या, तेव्हा त्याने टोकन नंबर पुकारले आणि प्रत्येक शंभराव्या माणसाला टाळ्या देववल्या. शाळांच्या कवायती, गाड्या चालवायच्या चाचण्या, दोन सामूहिक लग्नं. लग्नात “वधूपक्षाने कॉर्नरच्या बाजूला बसावं” असं त्याच्या तोंडून गेलं, ते आजही सांगतात.

या सगळ्याचा एक कट्टर शत्रू होता. मैदानाचं गवत राखणारा. त्याला सगळे गवत्या म्हणत आणि भोंगा सोडून बाकी सगळे त्याच्याशी अहोजाहो करत. गवत्याचं मत साधं होतं: गवत हे खेळायला आहे. खेळायलासुद्धा आठवड्यातून एकदाच. उरलेले सहा दिवस त्यावर पाय टाकेल तो त्याचा वैरी.

डॉक्टरकडून आल्यावर आठवडाभर भोंगा रोज सकाळी मैदानावर जाऊन बसला. घरात गप्प बसणं त्याला नवीन नव्हतं, पण घरात गप्प बसायला *सांगितलेलं* होतं, हे त्याला सहन होईना. गवत्याच्या अवजारांच्या खोलीसमोर एक बाक होता. गवत्या नळी ओढत यायचा, पाणी सोडायचा आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकायचा.

“बोलू नकोस,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “बाईंनी मला फोन केलाय. तू बोललास तर मी कळवायचंय. छत्तीस वर्षं तुझं ऐकलं, आता तू माझं ऐक.”

आणि मग त्याने जी सुरुवात केली ती शनिवारपर्यंत संपली नाही.

“त्या सर्कशीचे उंट. उंटाला वाळवंटात काय झालं होतं राहायला? आठ दिवस चरले. मी मालकाला म्हटलं, तिकीट मला द्या, खेळ माझा चाललाय. मग ती परीक्षा. बाराशे टेबलं, चार-चार पाय. अठ्ठेचाळीसशे भोकं, भोंग्या! मी एकेक बुजवलं. पोरं पास झाली असतील, गवत नापास झालं. लसीची रांग. फाटकापासून टेबलापर्यंत पायवाट पडली, ती दोन वर्षं दिसायची. आपला तो डावरा त्याच वाटेनं पळायचा, म्हणायचा, इथून पाय आपोआप जातात. आणि ते हेलिकॉप्टर! आदल्या दिवशी बी पेरलेलं. साहेब उतरले आणि माझं बी शेजारच्या शाळेत उगवलं.”

भोंगा बाकावर हलून हलून हसला. आवाज न करता हसणं फार अवघड असतं. डोळ्यांतून पाणी येतं.

भूकंपाचं मात्र गवत्याने त्या यादीत कधीच घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा भरायच्या वेळेला जमीन हलली. जुन्या विटांच्या चाळी बसल्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांत जायला कोणी धजेना. लोक उघड्या जागेकडे पळाले आणि उपनगरात उघडी जागा एकच होती. फाटकाला कुलूप होतं. किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरीचा पत्ता नाही. गवत्याने खोलीतून मोठी पक्कड आणली, कुलपाची कडी तोडली आणि फाटक दोन्ही बाजूंना सताड उघडून ओरडला, “आत या! पायऱ्यांवर नको, वर कठडे आहेत. गवतावर बसा!” बाई आपल्या वर्गातल्या अडतीस मुलांना दोन-दोनच्या रांगेत घेऊन त्या फाटकातून आत आल्या होत्या. पहिल्या रांगेतलं एक पोर थबकलं आणि म्हणालं, “पण गवतावर पाय टाकला तर ते ओरडतात.” गवत्याने त्याला उचलून गवतावर ठेवलं.

अकरा दिवस तीन हजार माणसं तिथे राहिली. भोंगा ॲम्ब्युलन्सच्या बॅटरीवर माइक लावून दिवसातून सहा वेळा हरवलेल्यांची नावं वाचायचा. अमुक यांनी पूर्वेच्या गोलपोस्टजवळ यावं, त्यांची मुलं तिथे आहेत. तमुक यांचे भाऊ पाण्याच्या टाकीशी थांबलेत. पहिल्या दिवशी यादी पाच पानं होती. माणसं माणसांना मिळत गेली तशी ती कमी होत होत अर्ध्या पानावर आली.

त्या अर्ध्या पानात एका म्हाताऱ्या शिंप्याच्या बायकोचं नाव होतं. ती सकाळी बाजारात गेली होती. शिंपी प्रत्येक वेळी खोलीच्या खाली येऊन उभा राहायचा, मान वर करून नाव ऐकायचा आणि परत आपल्या चटईवर जायचा. भोंग्याने ते नाव साठेक वेळा वाचलं. दर वेळी असं वाचलं, की जणू ती बाई शेजारच्याच स्टँडमध्ये बसली आहे आणि तिचं लक्ष नाहीये एवढंच.

अकराव्या दिवशी शिंपी जिना चढून वर आला. दारातच उभा राहिला.

“आता नका वाचू,” तो म्हणाला. “जिथं असेल तिथं तिला कळलं असेल, आपण शोधतोय ते. तेवढं पुरे.”

भोंग्याने मान हलवली. दुपारची यादी वाचताना त्या नावापाशी तो थोडा थांबला आणि पुढे गेला. त्या दिवशी घरी आल्यावर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या त्यांच्या तंबूत आल्यावर, तो बाईंना म्हणाला, “मला आज तुझं नाव दोनदा घ्यावंसं वाटलं.” एवढंच. संसारात एवढंसं बोलणंही कधी कधी फार दिवस पुरतं.

रविवारी बाई खरोखरच आल्या. पांढरी साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये कोमट पाण्याचा थर्मास. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी त्या खोलीत त्या पहिल्यांदा चढत होत्या. जिन्याच्या एकतीस पायऱ्या चढून त्या धापा टाकत आत आल्या आणि चौफेर बघून म्हणाल्या, “झाडलंय कधी इथं?”

“मॅच आहे,” भोंगा कुजबुजला.

“एक वाक्य झालं,” बाई म्हणाल्या.

मॅच मोठी होती. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार होता, हरला तर खाली घसरणार. पायऱ्या भरल्या होत्या. खिडकीतून मैदान हिरव्या कापडासारखं दिसत होतं आणि कडेने गवत्या चुन्याची रेघ शेवटची एकदा तपासत वाकत वाकत चालला होता.

भोंग्याने माइक ओढला. संघाचा कागद समोर धरला.

“नमस्कार मंडळी,” तो म्हणाला आणि मैदानाने नेहमीसारखा हुंकार दिला. “आजचा आपला संघ. नंबर एक, गोलकीपर...” त्याने नाव घेतलं. “नंबर दोन...” दुसरं नाव घेतलं. “नंबर तीन...” आणि तिथे आवाज गेला. फाटला नाही, चिरकला नाही, नुसता गेला. नळाचं पाणी जातं तसा. त्याने परत तोंड उघडलं. चार कर्ण्यांतून खरखरीत श्वास बाहेर पडला. पायऱ्यांवरची कुजबूज थांबली.

त्याने आवाज वाढवायची कळ पिरगाळली. कर्णे जुने होते, त्यांनी लगेच शिट्टी धरली. त्याने कळ परत खाली केली. त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्गात कविता विसरलेल्या मुलाचा चेहरा असतो तो त्यांनी हजार वेळा पाहिला होता. अशा वेळी त्या मुलाकडे बघत राहायचं नसतं. त्यांनी कागद त्याच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि माइक आपल्याकडे वळवला.

“नंबर तीन,” बाईंनी वाचलं आणि त्या खेळाडूचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मग तीस वर्षांच्या सवयीने त्या थांबल्या आणि मान वर करून वाट बघू लागल्या.

मग पूर्वेच्या पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, “हजर, बाई!”

हशा पिकला. बाईंच्या कपाळावर आठी पडली. “ज्याचं नाव त्यानंच बोलायचं,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “नंबर चार.”

नाव घेतलं. खाली मैदानात उभ्या असलेल्या नंबर चारने हात वर केला आणि अख्ख्या पायऱ्यांनी त्याच्या वतीने गर्जना केली: “हजर!”

निम्मं उपनगर त्यांच्या वर्गातून गेलेलं होतं. नंबर पाच, हजर. नंबर सहा, हजर. नंबर अकराला, म्हणजे डावऱ्याला, बाई म्हणाल्या, “हा चौथीत माझ्याकडे होता. तेव्हाही डाव्या हातानंच लिहायचा. मी बदलायला लावलं नाही,” आणि चार हजार माणसांनी डावा हात वर केला. भोंगा खुर्चीत मागे रेलून बसला होता. त्याने तोंडावर रुमाल धरला होता. तो हसतोय की दुसरं काही करतोय, ते बाईंनी बघितलं नाही.

मॅच सुरू झाली. बाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. भोंगा चिठ्ठीवर लिहायचा, बाई वाचायच्या. कारकुनाचं सुवाच्य अक्षर आणि मास्तरणीचं स्वच्छ वाचन. पण चिठ्ठीत नसलेलंही बाई बोलायच्या. पाहुण्यांनी पहिला गोल मारला, तेव्हा भोंग्याने फक्त नंबर आणि मिनिट लिहिलं होतं. बाईंनी वाचलं आणि पुढे जोडलं, “चांगला मारला. आपणही शिकावं.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पश्चिमेला, तिसऱ्या पायरीवर जो उभा आहे त्यानं खाली बसावं. मागच्यांना दिसत नाहीये. हो, तूच.” तो बसला. त्याच्याबरोबर आजूबाजूचे वीस जणही बसले.

हाफटाइमला सेक्रेटरी धावत वर आला. लोक तक्रार करतील या भीतीने त्याला घाम फुटला होता. “बाई, हे असं... म्हणजे... क्लबच्या इतिहासात...”

“यांना बोलता येत नाहीये,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला वाचायचंय?”

सेक्रेटरीने माइककडे पाहिलं, खालच्या गर्दीकडे पाहिलं. “नको. तुम्हीच बरं.”

ऐंशीव्या मिनिटाला डावऱ्याने बरोबरी केली. तेव्हा मात्र भोंग्याने लिहायला घेतलेली चिठ्ठी तशीच टाकली, उठून उभा राहिला आणि माइकच्या तारेला धरून सगळा उरलासुरला घसा ओतून ओरडला, “गोऽऽल!” तो शब्द कसला, फाटलेल्या पडद्याचा आवाज. पण मैदानाला ओळखीचा होता. खालून जो कल्लोळ उठला त्याने खिडकीची काच थरथरली.

“हे चौथं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताला त्याचा हात लागला होता आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. “चारही संपली. आता उरलेलं राहू द्यात घशात.”

क्लब वरच्या गटात राहिला. माणसं गात गात जिने चढून रस्त्यावर गेली.

मंगळवारी ऑपरेशन झालं. पंधरा दिवस भोंग्याने पाटीवर लिहून काढले आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या पंधरा दिवसांत तो जेवढं ‘बोलला’ तेवढं आधीच्या तेहतीस वर्षांत बोलला नव्हता. लिहिताना त्याला मीटर वाचायचे दिवस आठवत, मुलीचा पहिला ताप आठवे, शिंपी आठवे. सोळाव्या दिवशी तो पहिला शब्द बोलला. ‘चहा’ हाच. आवाज आला. पातळ, बारीक, ताग्यातून ओढलेल्या दोऱ्यासारखा. डॉक्टर म्हणाली होती तसा खोलीत पुरेल एवढा.

नवा सीझन सुरू होईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. माइकवर बाई, शेजारी चिठ्ठ्या लिहायला भोंगा. सेक्रेटरीने कधी विचारलंच नाही. त्याने फक्त दुसरी खुर्ची आणून ठेवली. बाईंनी खोली झाडून घेतली.

पहिली मॅच रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी गवत्या गेला. अवजारांच्या खोलीच्या दारात, उपड्या बादलीवर बसून बूट चढवताना. एक बूट घातलेला होता. पाण्याचा नळ त्याने आधीच सोडून ठेवला होता, आणि तो वाहतोय हे बघून कोणीतरी आत गेलं तेव्हा कळलं. भोंगा तासाभरात पोचला. त्याने आधी नळ बंद केला. जास्त पाणी गवत्याला चाललं नसतं. मग बादलीशेजारी जमिनीवर बसून राहिला.

रविवारी सेक्रेटरी एक टाइप केलेला कागद घेऊन वर आला. एक मिनिट शांतता पाळायची होती, त्याआधी चार शब्द. कागदावर ‘क्लबचे ज्येष्ठ व निष्ठावंत सेवक’ असं काहीबाही होतं. त्याने तो बाईंना दिला. बाईंनी न वाचताच भोंग्याकडे सरकवला.

“हे मी बोलतो,” भोंगा म्हणाला.

“काका, मला समजतंय,” सेक्रेटरी म्हणाला. “पण एवढ्या गर्दीत... ऐकू नाही जायचं. आवाज वाढवला तर हे कर्णे शिट्टी मारतात.”

“नका वाढवू,” बाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची माइकसमोरून बाजूला घेतली.

खाली दोन्ही संघ बाहेर आले होते. क्लबचे अकरा आणि पाहुणे अकरा, चुन्याच्या रेघेबाहेर ओळीने उभे होते. पायऱ्या खचाखच भरलेल्या, पहिल्या मॅचचा गोंगाट, पिपाण्या, पोरांची पळापळ. भोंग्याने सेक्रेटरीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि माइकच्या अगदी जवळ गेला.

“नमस्कार मंडळी,” तो म्हणाला.

पहिल्या दोन-तीन पायऱ्यांपलीकडे ते गेलं नसेल. पण ज्यांनी ऐकलं त्यांनी वळून मागच्यांना बोटाने खुणावलं. त्यांनी आणखी मागच्यांना. पिपाण्या थांबल्या. पोरं होती तिथे उभी राहिली. पूर्वेचा स्टँड, मग उत्तरेचा. छत्तीस वर्षांत त्याने ओरडून ओरडून सांगितलं तरी ही माणसं कधी गप्प झाली नव्हती. आता चार हजार माणसं एका बाजूला कान करून पुढे झुकली होती. कोणीतरी खोकलं, तर शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“आपला गवत्या गुरुवारी गेला,” तो बारीक आवाज चार कर्ण्यांतून म्हणाला. “तुम्हाला सगळ्यांना तो ओरडलेला आहे. मलाही.” तो थांबला. त्याला दम घ्यावा लागत होता. “समोर जे गवत आहे, ते बुधवारी त्यानं कापलंय. एक मिनिट शांत उभं राहू या.”

सगळे उठले. वारा होता तेवढा फक्त दिव्यांच्या खांबांत घुमत होता. भोंगा टेबलाला धरून उभा होता, बाई त्याच्या शेजारी. खाली हिरव्यागार मैदानावर एका आड एक फिकट आणि गडद पट्टे पडले होते, एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंत सरळ, जसे गवत्याचं यंत्र जात-येत गेलं होतं तसे.

मिनिट झालं. रेफ्रीने शिट्टी वाजवली.

रेघेबाहेर बावीस खेळाडू उभे होते. शिट्टी झाली तरी क्षणभर कोणीही गवतावर पाय टाकेना.